पहिले दहा सेकंद

“बोला काहीतरी. सकाळी काय खाल्लंत?”

हेडफोनमधून आवाज आला आणि ती दचकलीच. काचेपलीकडे माइक तपासणारा तो बसला होता, कानामागे पेन खोचून. परीक्षेला येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारायचा. उत्तर इंग्रजीत द्यायचं.

तिने दिलं, तेही घडाघडा! करपलेला पाव, आईची बोलणी, सुटलेली बस... तो खुदकन हसला. आणि खरी परीक्षा सुरू झाली मात्र, तिची दातखीळच बसली. समोर माणूस नाही काही नाही, नुसता पडदा आणि त्यावर उलटे पळणारे सेकंद. बाईसाहेब ढिम्म!

असं एकदा नाही, दोनदा झालं बरं का. चार वर्षं मुंग्यांच्या मागे फिरून लिहिलेला तिचा प्रबंध तयार होता, आणि तोही इंग्रजीतच. पण बोलण्याच्या परीक्षेत सात गुण नसतील तर विद्यापीठ तो हातातसुद्धा घेणार नव्हतं. महिनाअखेरीस मुदत संपत होती. आता तिसरी संधी, आणि तीच शेवटची.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ती नाव नोंदवायला आली, तेव्हा तो जिन्यातच भेटला.

“माइक तपासताना तर किती छान बोलता हो तुम्ही!”

“तेव्हा समोर तुम्ही असता...” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

त्याचे कान लालबुंद झाले. “मग नंतरही मी आहे असंच समजा ना. असतोच मी, काचेमागे.”

“अगंबाई! म्हणजे आमचं सगळं ऐकता?”

“छे हो! आवाज नीट नोंदला जातोय का, एवढंच बघायचं. पहिले दहा सेकंद. पुढचं ऐकायला आम्हाला सक्त मनाई आहे. गुण देणारे वेगळेच.”

तिसऱ्या वेळी पडद्यावर विषय आला – नीट ऐकून घेणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला. तिने काचेकडे पाहिलं. तो खाली मान घालून काम करत होता. तिने डोळे मिटले... आणि बोलायला लागली.

आठ दिवसांनी ती निकालाचा कागद फडकवत धापा टाकत जिना चढली.

“आठ! सात नाही, चांगले आठ! माझे मार्गदर्शक सर म्हणाले, उद्याच प्रबंध घेऊन ये!” एवढं बोलून ती पायरीवर मटकन बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. चार वर्षांचं ओझं उतरलं होतं.

“सुटलो बुवा!” तोही शेजारी टेकला. “तुम्हीही आणि मीही.”

“तुम्ही कशातून सुटलात?”

“अहो, ‘मी एका माणसाला ओळखते, तो सगळ्यांना विचारतो, सकाळी काय खाल्लं...’ आणि संपले ना माझे दहा सेकंद! आठ दिवस जिवाला नुसता घोर. निकाल लागेपर्यंत विचारायचीही सोय नाही. आता तरी सांगा – पुढे काय म्हणालात?”

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“पुढे... म्हणाले, विचारू दे त्याला सगळ्यांना. पण उत्तर त्याने माझंच लक्षात ठेवावं. रोज सकाळी.”

त्याने कानामागचं पेन काढलं, उगाचच परत खोचलं.

“करपलेला पाव,” तो हळूच म्हणाला. “आईची बोलणी. सुटलेली बस... उद्या काय खाणार आहात?”

“तुम्ही बरोबर असाल,” ती म्हणाली, “तर करपलेलाही चालेल.”