शिशाच्या खदानीतले ठोके

पहिलेच सांगून देतो, चूक माझी होती. हसा लागते तं आताच हसून घ्या, मंग मधात टोकू नका.

आमची शीलाताई कॉलेजात जिऑलॉजी शिकत होती. म्हंजे दगडं. पोलाद कारखान्याच्या सेक्टर सहातल्या आमच्या क्वार्टरात पलंगाखाली तिची लाकडी पेटी. बारा खाने, बारा दगडं. त्यातला एक लय भारी, चौकोनी-चौकोनी, चमकदार. गॅलेना. याच्यातून शिसं निघते म्हने. मी नववीत दोन डाव बसलेला मानूस, मले काय त्याचं? मी तो गळाच्या दोरीले वजन म्हणून बांधला अन् मरोद्याच्या तलावावर मासे धराले गेलो. वजन झकास होतं. दोरीच दगाबाज निघाली, दगड गेला तळाशी.

घरी आलो तं कळलं, प्रॅक्टिकल परवा, अन् त्यात बाराही दगडं दाखवा लागते. अन् बाबांनी साफ सांगून ठेवलेलं, या डावी नापास झाली तं गोंदियाच्या एका पोरासंगं लगन. ताई रडली नाही. रिकाम्या खान्याकडे पाहून म्हनली, "लहान्या, तुयाच गळ्याले बांधाले पायजे होता तो. मंग ढकलून देल्लं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आमी दोघं अहिवाऱ्याले. तिथून पल्याड चिंधूकाका राहे, आमच्या भंडाऱ्याकडचा. जवानीत तो तिथल्या टेकडीतल्या शिशाच्या खदानीत छत ठोके. लोखंडी सळईनं वरचा दगड ठोकाचा. टण्ण वाजला तं पक्का, भद्द वाजला तं पळा. खदान बंद होऊन वीस-बावीस वर्षं झालेली.

काका पहिले नाहीच म्हनला. मंग ताईचं तोंड पाहून सळई काढली, कार्बाइडचा दिवा काढला. खदानीच्या तोंडाशी भर दुपारी उभा राहून म्हने, "आत तोंड बंद. आवाजानं छत उतरते. बोलाचं नाही, ठोकाचं. तीन ठोके म्हंजे 'मी येऊन राहिलो'. कोनी तीन मारले तं आपुन तीन मारून जवाब द्याचा. पन खोटे ठोके माराचे नाही, बाबू. ठोकलं तं जा लागते."

"हो काका," मी म्हनलो. असं म्हनलो का मलेच माझ्यावर भरोसा बसला.

आत गेलो अन् बाप रे! बाहेर लू, आत थंडगार. कार्बाइडचा लसनासारखा वास. दिवा भिंतीवर फिरला का ताईचे डोळे मोठे होत. ती कानात कुजबुजे, "हे पांढरं कॅल्साइट... हे जांभळं फ्लोराइट, पाह्य ना!" एक पिवळा चमकता तुकडा मी सोनं म्हणून खिशात टाकला. ताई म्हने, "टाक तो. लोखंड अन् गंधक हाये नुसतं." गॅलेनाच्या शिरा बी दिसल्या, पन साऱ्या काळ्या-राखाडी, मळलेल्या. हवा लागली का त्याची चमक मरते म्हने. काढाले गेलं तं नुसता भुगा.

अन् मंग मले खाज सुटली. बाजूले एक बोगदा फुटत होता. मी गपचूप त्यात शिरलो, एक गोटा उचलला. ताईले असं दचकवतो का पेटी-बिटी सारं विसरते! ठक. ठक. ठक.

जवाब आला. ठक. ठक. ठक.

काका जाळ्यात आला! मले हसू आवरेना. पाच मारले. पाच आले. मंग ध्यानात आलं, आवाज समोरून येऊन राहिला. बोगद्याच्या आतून. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला...

"कोनाले ठोकून राहिला बे?" काका. हातात दिवा. सळई त्याच्या काखेत. मागं ताई.

"तुमाले..."

काका भिंतीले टेकला. "इथंच छत उतरलं होतं. माझा जोडीदार चंपत पल्याड राहिला. दोन दिवस ठोकत होता... आमी बी ठोकत होतो. येतो, येतो म्हणून. मंग मुकादमानं आमाले भाइर काढलं."

"चला, परत जाऊ," ताई म्हनली. "नाही पायजे मले दगड."

पन मी ठोकलं होतं ना! अन् तिची पेटी रिकामी बी मीच केली होती. काकाच्या हातून दिवा घेतला अन् गेलो. वीस पावलं. पुढं ढासळलेल्या दगडांची भिंत, खालपासून वरपर्यंत बंद. अन् भिंतीच्या पायाशी, मधोमध, कोनी ठेवल्यासारखा एक दगड. मुठीएवढा. आरशासारखा लखलख.

ताईनं झपकन उचलला. "गॅलेना! लहान्या, पाह्य, एकेक घन कसा..." अन् थांबली. "काका... हा आताच तोडला हाये. आज."

काकानं डोक्यावरची टोपी काढली. भिंतीकडे पाहून हळूच म्हनला, "चंपत... पोरीले देल्लं ना, बस. आता निजून जा बाबू."

मंग आमी कसे आलो, इचारू नका. तोंडाशी लाकडाची चौकट होती. काकानं तिच्यावर सळईनं एक ठोका मारला. "निघतानी हरेकानं एक माराचा. भाइरच्याले गिनती समजते." ताईनं मारला. मी मारला. उन्हात आलो अन् मी असा जोरात हसलो! जिवंत! दगड हातात! ताई बी हसत होती, तोंडावर सारी माती.

मागं चौकटीवर एक ठोका वाजला.

काका वळला नाही. आमाले बी वळू देल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेले ताई कॉलेजातून आली. मी फाटकातच धावलो. "पास?"

"पास. परीक्षा घ्याले आलेले बाहेरचे सर गॅलेना पाहून उडालेच. 'इतना ताज़ा कहाँ मिला?' म्हने. वीसपैकी अठरा देल्ले." तिनं पेटी खाली ठेवली. आवाज एकदम बारीक झाला. "लहान्या... मंग त्यांनी माझ्या बाजूले पाह्यलं. तिथं कोनीच नव्हतं रे. उठले, सोता खुर्ची ओढून देल्ली. म्हने, 'आप भी बैठ जाइए भैया. बड़ी देर से खड़े हैं.'"