सतरा विषारी नमुने

विज्ञान कधीही खोटं बोलत नाही. मावशी ज्या माती-तपासणी प्रयोगशाळेत काम करायची, तिथे हे वाक्य चौकट करून भिंतीवर लावलं होतं. चौकटीमागे पाल राहायची.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी त्या वाक्याखाली तीन मुलं उभी होती. सतत प्रश्न विचारते म्हणून चौकशी, हळू बोलता येत नाही म्हणून तिचा भाऊ भोंगा, आणि मावशीची धाकटी लेक मुंगी. चौकशीच्या हातात अहवाल होता. सोसायटीच्या मागे असलेल्या आजोबांच्या वाफ्यात तांबं आणि जस्त मर्यादेच्या चौपट! सोमवारी तिथली टोमॅटोची रोपं उपटून फरशी घालणार होते. आजोबा दोन दिवस धड जेवले नव्हते.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," चौकशी म्हणाली. "सेक्रेटरीकाकांना तिथे गाडी लावायचीय. त्यांनी इथल्या साहेबांना फितवलं असणार!"

"फितवलं?" भोंग्याने हळूच विचारलं. दोन खोल्यांपलीकडच्या टायपिस्टबाई दचकल्या.

"आमच्या साहेबांना?" मावशी हसली. "एका सहीला महिना लावणारा माणूस फितायला वेळ कुठून काढणार? आणि तपासणी मी स्वतः केलीय. माती चाळायची, तिच्यात एक सौम्य द्रावण घालून दोन तास यंत्रावर हलवायची. झाडाची मुळं जेवढा धातू ओढून घेतील, साधारण तेवढाच ते द्रावण ओढून घेतं. मग गाळायचं आणि मोजायचं."

चौकशीने नोंदवही उघडली. महिन्याभरात सतरा नमुने. सतराही विषारी!

"एवढ्या सगळ्यांना गाड्या लावायच्यात?" मुंगीने विचारलं.

"आणि हे बघ! प्रत्येक वेळी तांबं जस्ताच्या दुप्पट. सतरा ठिकाणची माती एकमेकींची नक्कल कशी करेल?"

कोपऱ्यात मदतनीसमामा ढेकळं चाळत होते. माती अडकली की चाळणीवर तारेचा ब्रश खसाखसा घासायचे. चाळणी सोन्यासारखी चमकत होती.

"मामा, फार चमकते हो!"

"मग! पितळेची आहे. रोज घासतो," मामा अभिमानाने म्हणाले.

चौकशीने भोंग्याचं तोंड आधीच दाबून धरलं. मग तिघांची कुजबुज झाली.

दुपारी साहेब जेवायला गेले. त्यांच्या टेबलावर हिरवीगार कुंडी होती. साहेब माणसांपेक्षा तिच्याशी जास्त प्रेमाने बोलत. मुंगीने त्यातली दोन मुठी माती पिशवीत भरून मामांपुढच्या नमुन्यांत ठेवली. नमुना अठरा!

दुसऱ्या दिवशी चौकशी अहवाल घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, या मातीचं काय करायचं?"

साहेबांनी चष्मा चढवला. "अरे बापरे! झाडं ताबडतोब उपटा. माती फेकून द्या!"

"नक्की ना?"

"विज्ञान कधीही खोटं बोलत नाही, बाळ."

"भोंग्या, उचल कुंडी!"

"ए! ए! कुंडीला हात लावू नकोस!" साहेब टेबलाभोवती धावले. "तिला काय झालंय? कशी टवटवीत आहे!"

"आजोबांचे टोमॅटोही टवटवीतच आहेत!" भोंगा ओरडला. या वेळी त्याला कोणी अडवलं नाही.

"पितळ कशाचं बनतं, साहेब?" चौकशीने विचारलं. "तांब्याचं आणि जस्ताचं. मामा ब्रश घासतात, चाळणी झिजते, कीस मातीत पडतो. आणि तुमचं द्रावण बिचारं तोच ओढून घेतं!"

दारात उभ्या मावशीने कपाळावर हात मारला. "साहेब, दोन वर्षांपूर्वी नायलॉनची चाळणी मागवली होती. तिचं काय झालं?"

साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. चाळणी वेष्टनासकट आत होती.

"नवी आहे," साहेब पुटपुटले. "वापरून खराब झाली असती."

त्याच दिवशी वाफ्याची माती नव्या चाळणीतून गेली. तांबं ठीक, जस्त ठीक! बाकीचे सोळा नमुनेही पुन्हा तपासायला घेतले. सोमवारी फरशीवाले आले आणि तसेच परत गेले. साहेबांनी तिघांचं भाषण करून कौतुक केलं, सेक्रेटरीकाकांनी पाठ थोपटली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर लावली. आजोबा त्या दिवशी दोनदा जेवले.

वाफ्यात त्या मोसमात सात टोमॅटो आले. पाच खारीने खाल्ले.