आखूड दोर

रविवार, दिनांक २२ डिसेंबर २०२४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. देवगडच्या धक्क्याला लागलेल्या नावेत माणसे तीन, इंजिन एक.

इंजिन संयोगिताचे होते. कोल्हापुरात उद्यमनगरात तिच्या वडिलांचा कारखाना; शेतीपंपांची इंजिने घडवता घडवता तिने हे पहिले नावेचे इंजिन स्वतः आखले होते. वेंगुर्ल्याच्या गिऱ्हाइकाची अट एकच – नाव याच इंजिनावर, समुद्रातून, त्याच्या दारात यावी. सोबतीला आत्या आली होती. तिला सारे आक्का म्हणत. नाव हाकायला वडिलांनी शिरोळचा कोणी नावाडी ठरवला होता.

त्या नावाड्याने मागे वळून पाहिले, आणि संयोगिताच्या हातातला पाना हातातच राहिला.

"पॅटर्नवाल्या मॅडम!" तो हसला.

तीन वर्षांपूर्वीच्या महापुरात, नदीकाठच्या गोदामातून, याच माणसाने तिला नावेत घेतले होते. ओतकामाचा कलिंगडाएवढा एक लाकडी नमुना – पॅटर्न – तिने तेव्हा छातीशी धरला होता. त्याचे नाव विचारायचे मात्र राहून गेले होते... आणि ते राहून गेलेले तिला अधूनमधून टोचत असे.

"अजून ध्यानात हाय व्हय तुमच्या?"

"इसरायचं कसं? पुरात लोक दागिनं घेत्यात, म्हस सोडवत्यात. तुम्ही लाकूड कवटाळून बसलासा – 'हे ठेवून मी न्हाय येणार!'"

"लाकूड न्हवं ते. ह्याच इंजिनाचा पॅटर्न." तिने इंजिनावर हात ठेवला.

"मग आमची वळख जुनीच की," तो इंजिनाला म्हणाला. पाहिले मात्र तिच्याकडे. "मी राजवीर."

"पावणं," आक्का गरजली, "फुडं बघा! ह्यो रंकाळा तलाव न्हवं!"

हिवाळ्यातला समुद्र दुधावरच्या सायीसारखा निवांत होता. डाव्या हाताला किनारा सरकत होता – माडांची रांग, पांढरी वाळू, मध्येच एखादे कौलारू छप्पर. धुके पाण्यावरून उठता उठता विरत होते. इंजिनाच्या एकसुरी ठेक्यात संयोगिताला वाटले, हा प्रवास कुठेच पोचू नये.

"रात्री आठला सावंतवाडीहून गाडी हाय माझी," राजवीर म्हणाला. "गुजरातला, बंदरावर नोकरी लागली. तीन वर्सं तरी परत न्हाय."

ठेका तोच होता; तिलाच तो चुकल्यासारखा वाटला. बारा तास... आणि मग पुन्हा तेच, न विचारता राहून गेलेले.

"बरं झालं की," ती म्हणाली, आणि उगाचच तेलाची पातळी पाहिली.

आचऱ्याच्या खाडीपर्यंत आक्काने कसाबसा धीर धरला. "इंजिन तुझं बेस हाय गं, पण पोट माझं न्हाय! मी यष्टीनं येते वेंगुर्ल्याला." राजवीरने नाव अगदी काठाशी घेतली आणि माडाच्या बुंध्याला आखूड दोराने घट्ट आवळली. पंचगंगेवर अशीच बांधतात. दोर लांब सोडला तर धार नाव ओढून नेते. संयोगितानेही गाठ ओढून पाहिली. "झकास."

आक्काला एसटीत बसवून, चहा घेऊन दोघे परतले, तेव्हा खाडीचे पाणी दूर गेले होते. नाव चिखलात कुशीवर कलंडलेली. दोर तारेसारखा ताणलेला.

जाळे विणत बसलेला म्हातारा खदखदून हसला. "खयचे तुमी? कोल्हापूरचे? ओहोटी लागली हा! भरती येयसर बसा आता!"

"नदीचं पानी असं सोडून जात न्हाय वो," राजवीर ओशाळून म्हणाला.

"माणसं जात्यात," संयोगिता म्हणाली... आणि लगेच भाकरीची शिदोरी सोडू लागली.

ती दुपार मग माडाच्या सावलीतच गेली. शेंगदाण्याची चटणी, एका भाकरीचे दोन तुकडे. त्याने पुरातल्या रात्री सांगितल्या. तिने सांगितले, पहिले ओतकाम फसले तेव्हा ती किती रडली होती. त्याच्या दंडावर चिखल वाळला होता. तिने पदराआड हसू लपवले, मग नाही लपवले. पाणी उशिरा आले तर गाडी चुकेल, हे तिच्या मनात आले आणि तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला पाठोपाठ लाजही वाटली.

दोनच्या सुमारास पाणी हळूच आले. नाव अंग झाडून उठली.

संयोगिताने स्वतः वेग वाढवला.

"एवढी घाई? मला घालवायची?"

"गाडी मिळाली पायजे तुम्हाला. पान्यानं अडवलं म्हणून राहिलेला माणूस मला नगो." वाक्य तोंडातून गेले, आणि वाऱ्याने ते नेमके सुकाणूपाशी नेऊन पोचवले.

मालवण मागे पडले. निवतीच्या दीपस्तंभाजवळ त्याने विचारले, "आणि न अडवता राहिलेला?"

तिने इंजिनाकडे मान वळवली. तिचे कान मात्र लाल झाले होते – उन्हाने नव्हे.

वेंगुर्ल्याला सूर्य पाण्यावर टेकला होता. गिऱ्हाइकाने इंजिनाचा ठेका कान देऊन ऐकला आणि मान डोलावली. राजवीरने या खेपेस दोर लांब सोडला. धक्क्यावर आक्का, आणि आक्काने ठरवून ठेवलेली, स्टेशनला जाणारी रिक्षा. गाडीला वेळ भरपूर होता.

त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. पिशवी जागेवर नव्हती. संयोगिता धक्क्याच्या पायरीवर बसली होती, आणि पिशवी तिने छातीशी धरली होती – तशीच, दोन्ही हातांनी.

"मॅडम... पिशवी."

"हे ठेवून मी न्हाय जाणार," ती म्हणाली. नजर त्याच्यावरून हलली नाही. "घेऊन जायाचं असंल तर घ्या. अडवणार न्हाय. पण मला पायजे ते मी सांगितलं."

लाट पायरीला लागून मागे गेली. राजवीर तिच्या शेजारी बसला.

"हितं काय करू मी?"

"इंजिनं मी करते. समुद्रावर चालवून दावणारं कोण न्हाय."

"आनि ओहोटी?"

"ती शिकू की दोघं. आखूड दोर तर दोघांनीच आवळलाय."

त्याने तिच्या हातांवर आपला हात ठेवला. दोघांत पिशवी होती. तरी अंतर वाटले नाही.

"जा बाबा तू," आक्का रिक्षावाल्याला म्हणाली. "भाडं न्हाय आज."

रात्री आठला सावंतवाडीहून सुटलेल्या गाडीत रिकाम्या गेलेल्या जागा : एक.