तीन मिलिमीटर

टेबलावर मातीच्या एकवीस पिशव्या होत्या, एक पीएच मीटर, एक स्टीलची पट्टी आणि एक टॅब्लेट. टॅब्लेटवर दोन बटणं – 'जतन करा' आणि 'रद्द करा'. दोन्ही हिरवी, दोन्ही एकाच मापाची. मधलं अंतर महामायानं पट्टीनं मोजलं: तीन मिलिमीटर.

चिखलीतल्या त्या खाजगी माती तपासणी केंद्रात आदल्या दिवशी तिचं ओलं बोट 'जतन करा'वरून 'रद्द करा'वर घसरलं होतं आणि दिवसभराच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. मालक वामनरावांचं म्हणणं एकच – चूक माझी, असं लिहून दे, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. अमडापूरच्या बुद्धविहारामागच्या गल्लीतून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. नोकरी तिला हवी होती. तरी तिनं सही केली नाही.

"चूक बटनाची आहे, सर. ज्यानं बनवलं त्याले बोलवा."

तो आला. बुलढाण्याचा सौमित्र. खांद्याला लॅपटॉप, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि उन्हानं लाल झालेले कान. कानांकडे बघायचं नाही, असं महामायानं ठरवलं... पण तोवर बघून झालं होतं.

बटणं जोडीनं, एकसारखी असली की स्क्रीन देखणी दिसते, असं तो समजावू लागला.

"देखनी कोनासाठी?" तिनं रबरी हातमोजे त्याच्यापुढे टाकले. "घाला. हात पान्यात बुडवा. आन् भरा नोंदी."

तो मुकाट्यानं भरू लागला. शेजारी ती नमुन्यांत पाणी ओतत होती. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि आत ओल्या मातीचा वास सुटला होता. त्या वासानं त्यानं मान वर केली – की तिच्याकडे बघायला, कोण जाणे – आणि बोट घसरलं. स्क्रीन कोरी झाली.

"गेलं," तो पुटपुटला.

"मंग? देता लिहून, चूक माही म्हनून?"

तो हसला. हातमोजे काढून त्यानं पट्टी उचलली.

वामनरावांना त्यानं स्वतःच सांगितलं, दोष सॉफ्टवेअरचा आहे. वरून हुकूम नसताना बदल करायचा नाही, असं त्याच्या कंपनीनं बजावलं. त्यानं तरी केला. 'जतन करा' उजवीकडे, मोठं, हिरवं. 'रद्द करा' पार डाव्या कोपऱ्यात, साधं. आकडे भरलेले असताना ते दाबलं, तर आधी विचारणार – टाकून द्यायचे का? काहीच भरलं नसेल, तर गुपचूप बंद होणार. ही शेवटची सूचना महामायाची. उगाच विचारत बसणाऱ्याचा तिला राग येई.

नोकरी राहिली. सौमित्र मात्र दर शनिवारी तपासणीला येत राहिला. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. चौथ्या शनिवारी, ओसरीतल्या बाकावर, तिनं विचारलंच.

"सॉफ्टवेअर तं कवाचंच ठीक झालं. आता काऊन येता?"

"एक नोंद आहे... अजून जतन –"

"बटनं ठेवा बाजूले. सरळ बोला."

ओसरीत सावली होती, तरी त्याचे कान लाल झाले.

"माझ्याशी लग्न कराल?"

तिला हसू आलं नाही. मग म्हणाली, "घरी माहं नाव सांगतलं? पुरं?"

"आडनावासकट. बाबा म्हणाले, मग या घराचं दार तुला बंद."

"मंग?"

"मी विचारायला गेलो नव्हतो. सांगायला गेलो होतो."

आता मात्र तिला हसू आवरेना. "माह्या बाबालेही मी सांगीन. इचारनार नाही."

रस्त्यावरून जाणारे दोघेजण मान वळवून बघू लागले. आत वामनराव खाकरले. सौमित्र बाकावर थोडा दूर सरकू लागला.

"सरकू नका," ती म्हणाली.

तो तिथंच थांबला... मग अलगद परत आला, आधीपेक्षा जवळ. महामायानं पर्समधून स्टीलची पट्टी काढली. रस्त्यावरचे दोघे बघत असतानाच तिनं ती आपल्या बाहीपासून त्याच्या बाहीपर्यंत धरली.

दोन मिलिमीटर.