घोड्यांच्या खणातलं कार्ड

उर्मिलानं ग्रंथालयातल्या कार्डसूचीच्या खणाची पितळी कडी धरली आणि त्याच वेळी आणखी एका हातानं ती धरली. सावळा, लांब बोटांचा, शाईचा डाग पडलेला हात.

"मी आधी," ती म्हणाली.

"कबूल," हाताचा मालक म्हणाला, पण कडी काही सोडेना. "पण मी केव्हाचा इथं उभा राहून राहिलो, त्याचा तरी विचार करा."

तिनं वर पाहिलं... आणि तिथंच तिचं चुकलं. इतके हसरे डोळे असलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"कुठल्या तुम्ही?"

"पांढुर्ण्याची."

"अरे बाप्पा! मी सौंसरचा. मुकुंद. म्हणजे आपण तर घरचेच झालो!"

"घरचे कसे?" उर्मिला म्हणाली. नागपुरात आली की ती मुद्दाम पुस्तकातली मराठी बोलायची. "मधे पुष्कळ गावं आहेत."

१९५६ सालचा सप्टेंबर संपत आला होता. दोघंही आपापल्या गावच्या शाळेत शिकवायची आणि शनिवारची रजा काढून नागपूरच्या विद्यापीठाचं ग्रंथालय गाठायची. तिला जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहायचा होता, त्याला संत्र्याच्या बागांवर.

"एकच प्रबंध आहे आपल्या भागावर," मुकुंद सांगू लागला. "'सौंसर तहसिलीतील लोकजीवन'. बागा, गाणी, सारं आहे म्हणतात त्यात. पण कार्डच सापडून नाही राहिलं! नंबर नाही तर मागणीची चिठ्ठी काय भरू? कोण्या नतद्रष्टानं काढून ठेवलं, देव जाणे."

उर्मिलाचे कान तापले. ती नतद्रष्ट त्याच्यासमोर पदर सावरत उभी होती!

झालं होतं असं, की ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो प्रबंध दुसऱ्याच कुणीतरी आधी मागून घेतला होता. प्रबंध घरी नेता येत नसे, तिथंच बसून वाचायचा. पांढुर्ण्याहून इतक्या लांब आली आणि दिवसभर माशा मारत बसली. पुढच्या खेपेला तिनं खणातली कार्डं ओवून धरणारी, सैल झालेली सळई हळूच ओढली, ते कार्ड काढलं आणि ज्या खणाकडं कुणी ढुंकूनही पाहत नसे, त्या 'घोड्यांचे आजार' या खणात सारून दिलं. नंबर तिला पाठ होता. दर शनिवारी सकाळी यायचं, चिठ्ठी द्यायची, दुपारपर्यंत वाचायचं. जगाला पत्ता नाही.

जगाला नव्हता, ठीक होतं. पण आता समोर मुकुंद होता.

"मी मदत करू शोधायला?" ती बोलून गेली.

त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी, मुकुंदची छोटी रेल्वे रखडत नागपूरला पोचली की दोघं मिळून ते कार्ड शोधू लागली. एक खण त्यानं काढायचा, एक तिनं. घोड्यांचा खण मात्र प्रत्येक वेळी तिनंच पुढं होऊन काढला.

"इथं नाही," ती म्हणायची.

"नीट पाहिलं?"

"घोड्यांच्या पोटदुखीपर्यंत पाहिलं."

मग तो हसायचा. हसताना कपाळावरची बट मागं सारायचा... आणि उर्मिलाला हातातलं कार्ड कुठल्या खणातलं तेच आठवेनासं व्हायचं. एकदा त्यानं खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं तिच्यापुढं धरलं. "खा. घरच्या बागेचं आहे. थोडं आंबट निघन."

ते आंबटच निघालं. तिनं सांगितलं, "गोड आहे." एका खोट्यावर आणखी एक.

ती प्रेमात पडली होती, हे तिला पक्कं कळलं होतं. म्हणून तर जीव टांगणीला लागला होता. सांगावं, तर तोंड फिरवून जाईल. न सांगावं, तर त्याचा प्रबंध बुडेल. त्यात ऑक्टोबरात नवाच घोर लागला. एक नोव्हेंबरला नवी राज्यं होणार, नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि पांढुर्णा-सौंसर राहणार मध्य प्रदेशात. राज्याबाहेरच्या वाचकांनी आपली तिकिटं महिनाअखेर परत करावीत, असा ग्रंथालयाचा निरोप आला. आता एकच शनिवार उरला होता.

त्याआधीच्या मंगळवारी ती वडिलांसोबत सौंसरजवळच्या जामसांवलीला, तिथल्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला गेली. वडील, रघुनाथराव, नारळ आणायला वळले आणि पाहते तो काय — मुकुंद प्रदक्षिणा घालतोय!

"नवस बोललो होतो," तो म्हणाला.

"कार्ड सापडावं म्हणून?"

"तसंच काहीसं."

समोर निजलेला मारुती. त्याच्यापुढं खोटं कसं बोलायचं? उर्मिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते कार्ड... मी लपवलं. घोड्यांच्या खणात. आता काय बोलायचं ते बोला."

"माहीत आहे."

"काय?"

"दुसऱ्याच शनिवारी समजलं. तो खण तुम्ही मले पाहूच देत नव्हत्या. मग तुम्ही गाडीला गेल्यावर पाहिला. नंबर लिहून घेतला आन कार्ड परत घोड्यात ठेवून दिलं. तेव्हापासून सांजच्याला मी वाचून राहिलो तो प्रबंध."

"मग दुपारभर शोधत काय होता?"

मुकुंदनं मारुतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "कार्ड सापडलं असतं, तर तुम्ही कशाला आल्या असत्या माझ्याजवळ? नवस सापडावं म्हणून नव्हता... सापडू नये म्हणून होता."

"म्हणजे मी महिनाभर तळमळत होते, आणि तुम्ही मजा पाहत होता!" ती फणकारली. पण फणकाऱ्यात जोर नव्हता. गाल केव्हाचे लाल झाले होते.

शेवटच्या शनिवारी दोघांनी मिळून कार्ड आपल्या जागी लावलं आणि सळई नीट आत सारली. तिकिटं परत घेताना खिडकीवरचे नत्थूजी म्हणाले, "सुटलो बाप्पा! एकच प्रबंधाचा ठोकळा सकाळी बाईसाठी खाली आणा, सांजच्याला मास्तरसाठी आणा. आन मधात दोघं मिळून त्यालेच धुंडून राहिले! म्या म्हटलं, असंन शिकलेल्याइची काही रीत."

बाहेर आल्यावर दोघंही पायरीवर थांबली. पुढचा शनिवार रिकामा होता.

"सौंसरला या," मुकुंद अखेर म्हणाला. "आईला जात्यावरच्या ढीगभर ओव्या येतात. तिचं कार्ड कोणत्याच खणात नाही."

पुढच्या शनिवारी रघुनाथराव संत्र्याची बाग पाहायला म्हणून सौंसरला आले, सोबत उर्मिला. मुकुंदच्या आईनं, अंबाबाईंनी, जातं मांडलं आणि गळा मोकळा सोडला. उर्मिला भराभर लिहीत होती. मुकुंद दारात उभा राहून तेच एक संत्रं केव्हाचा सोलत होता.

जातं थांबलं.

"पोरी," अंबाबाईंनी घाम पुसत विचारलं, "गानं लिवून न्याले आली, का राहाले आली?"

दारातलं संत्रं खाली पडलं. उर्मिलानं पेनाला टोपण लावलं. पुस्तकातला एकही शब्द तिला आठवेना.

"राहाले," ती म्हणाली.