अहो, ऐकताय ना?

घाबरायचं कारण नाही, गोष्ट भर दुपारची आहे. हसण्याचीही आहे. तरी तो दिवा जरा मोठा करा.

शिक्षण संपवून मी लांबून परत आले ती एकच वेड डोक्यात घेऊन : काकूच्या रेडिओवरच्या गप्पांचं पुस्तक करायचं. आयुष्यभर ती दर आठवड्याला रेडिओवर बोलली. उतू गेलेलं दूध, भांडकुदळ शेजारीण, काकांचं घोरणं, विषय कुठलाही चालायचा. असा आवाज हवेत विरून जायचा? मला ते पटेना. आणि ती गेल्यापासून काकांनी तोंडाला कुलूपच लावलं होतं. पुस्तक हातात पडलं की ते कुलूप उघडेल, अशी माझी ठाम समजूत.

टेप ऐकून मी सगळं उतरवलं. बोलता बोलता काकू मध्येच म्हणायची, “अहो, ऐकताय ना?” आणि क्षणभर थांबायची. श्रोत्यांना म्हणत असेल. पण पुस्तक काय कुणी ऐकतं? मी ते वाक्य सगळीकडून खोडलं.

काकांनी कच्ची प्रत वाचली आणि बाजूला सारली.

“ही ती नाही. छापू नकोस.”

“मग काय राहिलं ते तुम्हीच दाखवा,” म्हणत मी त्यांना हट्टानं रेडिओच्या जुन्या इमारतीत नेलं. सर्दीनं नाक चोंदलेलं, पण मफलर घेईनात. काकू असतानाही ते तिथे कधी गेले नव्हते. ती बोलायची तेव्हा त्यांची जागा घरातल्या रेडिओसमोर.

रेकॉर्डिस्टनं स्टुडिओचं जाड दार लोटलं आणि बाहेरचं जग कापल्यासारखं थांबलं. तिथे शब्द तोंडातून निघाला की भिंती गिळून टाकतात. ओलसर गालिच्याचा वास. स्वतःच्याच कानातली सळसळ ऐकू यावी, अशी शांतता.

“कुठली लावू, ताई?”

“कुठलीही.”

त्यानं माझ्या जन्माआधीची एक टेप लावली. चाकं फिरू लागली. काकू घोरण्यावर बोलत होती.

“...अहो, ऐकताय ना?”

थांबली. ही टेप मी कितीदा ऐकली होती. इथे ती श्वास घेते आणि पुढे जाते. आज गेली नाही. चाकं फिरत होती... फिरतच होती...

“अहो...?”

या वेळी आवाज यंत्रातून आला नाही. माझ्या खांद्यामागून आला. रेकॉर्डिस्टचा हात बटणाकडे गेला आणि अधांतरीच राहिला.

काका खुर्चीच्या कडेला सरकले.

“हो... ऐकतोय,” ते चोंदल्या नाकानं म्हणाले.

“मग त्या चिमणीला सांगा,” काकू म्हणाली, “माझं वाक्य खोडू नकोस म्हणावं!”

मला घरात चिमणी म्हणतात.

काकू हसली आणि काकाही हसू लागले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अगं वेडे, ‘अहो’ म्हणजे मी! जन्मभर दुसरी हाक मारली नाही तिनं. मी घरून ‘हो’ म्हणायचो, तेवढ्यासाठी थांबायची!”

माझ्या अंगावर काटा उभा होता, आणि मीही हसत होते.

पुस्तक छापलं. वाक्य जागच्या जागी, आणि प्रत्येकाखाली एक ओळ कोरी. काका रोज मोठ्यानं वाचतात, तिथे थांबतात, ‘हो’ म्हणतात, पुढे जातात.

काल रेकॉर्डिस्टचा फोन आला.

“ताई, त्या दिवशी आपण टेप नुसती वाजवली ना? रेकॉर्ड तर नाही केलं काही?”

“नाही. का हो?”

“त्या थांबण्याच्या जागी आता काकांचं ‘हो’ आहे. सर्दीचं.” तो घुटमळला. “कपाटातल्या सगळ्याच टेपांवर... आणि एकीवर काकू बोलणं सोडून दटावतात, ‘आधी तो मफलर गुंडाळा!’”

फोन ठेवून मी काकांच्या खोलीत डोकावले. ते घाईघाईनं मफलर गुंडाळत होते.

“हो, हो, गुंडाळतोय ना!” बंद रेडिओकडे बघत ते म्हणाले.