इंजिनाच्या झाकणावरचा पंजा

"हे झाकण उद्या ग्राइंडरवर घ्यायचं," विजयसिंहकाका म्हणाले. "धातू ओतताना काहीतरी चुकलंय. आतनं गुळगुळीत झालं पायजे. रविवारी ही मोटार जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत न्यायची हाय."

राजवीर, क्रांती आणि दानेश्वरी यांची मे महिन्याची सुट्टी राजवीरच्या या काकांच्या कोल्हापुरातल्या गॅरेजमध्येच चालली होती. मलकापूरजवळच्या एका गोठ्यातून काकांनी पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची मोटार आणली होती. ती कुणी बनवली ते ठाऊक नव्हतं, म्हणून काका तिच्यावर एखादं विलायती नाव रंगवणार होते.

रॉकेलने झाकण पुसता पुसता दानेश्वरी थांबली. "आतल्या बाजूला बघा की. हा तर हाताचा पंजा हाय."

पाच बोटं आणि तळवा. तिच्या हातापेक्षाही लहान.

"कुणीतरी कोरला असंल," राजवीर म्हणाला.

"कोरला असता तर आत गेला असता. हा वर आलाय." क्रांतीचे वडील फाउंड्रीत कामाला होते. "वाळूच्या साच्यात धातू ओततात. कुठल्यातरी पोरानं त्या वाळूत हात दाबला असणार."

कडेचा मळ निघाला आणि अक्षरं दिसली : रेवणसिद्ध, मंगळवार पेठ.

"काका, ही गाडी कोल्हापुरातच झालीया!" राजवीर ओरडला.

काका फोनवर होते. "पेठेत कुठं मोटारी होत्यात व्हय? जावा, खेळा जावा."

तिघं तडक मंगळवार पेठेत गेली. चार दुकानांत कुणाला काही माहीत नव्हतं. पाचवं दुकान सायकलींचं होतं. तिथले म्हातारे आण्णा म्हणाले, "रेवणसिद्धांची फाउंड्री? पाडून लई वर्सं झाली. एकच मोटार केलती त्यांनी. धाकटी लेक नीलम्मा हाय की हातकणंगल्यात, स्टेशनच्या मागं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका यायच्या आत तिघांनी झाकण टॉवेलात गुंडाळून दप्तरात घातलं. 'झाकण घेऊन हातकणंगल्याला स्टेशनमागे नीलम्माआजींकडे जातोय. घासू नका,' अशी चिठ्ठी ठेवली, क्रांतीच्या आईला सांगितलं आणि एसटी पकडली.

नव्वदीच्या नीलम्माआजी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. त्यांना आता फारसं दिसत नव्हतं. दानेश्वरीने झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं. आजींची बोटं धातूवरून फिरली आणि त्या पंजावर थांबली.

"आक्का," त्या म्हणाल्या.

मुलांना वाटलं, त्या घरातल्या कुणाला तरी हाक मारताहेत.

"माझी थोरली बहीण," आजी हळूहळू बोलू लागल्या. "सात वर्सांची होती. बाबांनी साचा तयार करून ठेवलता, तिनं त्यात हात दाबला. बाबा रागं भरायला गेले आन् हसले. म्हणाले, राहू दे. तसाच ओतला."

"मग?" राजवीरने विचारलं.

"महिन्याभरात तापानं गेली. बाबांनी गाडी पुरी केली, पण ती त्यांच्यानं बघवंना. लांब कुणाला तरी देऊन टाकली. परत मोटार केली न्हाय. आईनं ती गाडी लई शोधली. आक्काचा फोटो नव्हता की रं आमच्याकडं. मरेपतोर आई रस्त्यावर मोटार दिसली की उभी राहायची."

तेवढ्यात फटफटी थांबली. विजयसिंहकाका रागातच आत आले, पण पंजावर ठेवलेला आजींचा हात बघून दारातच उभे राहिले. क्रांतीने त्यांना सगळं सांगितलं. काका खाली बसले.

"आजी, हे तुमचंच. ठेवून घ्या," ते म्हणाले.

"नको. बापानं जिथं लावलंय तिथंच लावा. सांजपतोर तेवढं माझ्यापाशी असू दे."

काका संध्याकाळपर्यंत बसून राहिले. रंगाऱ्याला त्यांनी फोन करून नाव बदलायला सांगितलं : रेवणसिद्ध, कोल्हापूर. मग मुलांकडे वळून म्हणाले, "मी ते घासून टाकलं असतं. तुम्ही ऐकलं न्हाईसा, बरं झालं. शाबास."

निघताना दानेश्वरीने विचारलं, "आजी, आक्का दिसायला कशी होती?"

आजींनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"न्हाय आठवत गं," त्या म्हणाल्या. "मी चार वर्सांची होते. मला कडेवर घ्यायची, एवढंच ध्यानात हाय."

आणि त्यांनी झाकण दोन्ही हातांनी उचलून काकांच्या हातात दिलं.